शिवारातल्या रानमाशा आणि गांधीलमाशा: पहिलं सर्वेक्षण कसं करावं

रानमाशांच्या, म्हणजे रानात राहणाऱ्या मधमाशांच्या, आणि गांधीलमाशांच्या सर्वेक्षणाबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड मुलखातल्या जंगलांवर बेतलेलं असतं. स्वीडन, फिनलंड, कॅनडा. तिकडं हंगाम जेमतेम मे ते सप्टेंबर, पाहणीची फेरी भर दुपारच्या उन्हात, आणि पानोपानी बंबलबी. ही केसाळ, गुबगुबीत माशी छातीचे स्नायू थरथरवून अंग तापवते, म्हणून गारठ्यातही उडते. भारतात ती हिमालयात भेटते, बालाघाटात नाही. ते वेळापत्रक जसंच्या तसं उचलून एप्रिलच्या दुपारी एक वाजता बीडच्या एखाद्या माळावर गेलात, तर घामाशिवाय पदरात काही पडणार नाही आणि वहीत मात्र 'इथं माशाच नाहीत' अशी खोटी नोंद होऊन बसेल.

मराठवाड्यातला सर्वेक्षणाचा धडा म्हणून थोडा वेगळा आहे. आपल्याकडे गौताळा आहे, येडशीचा रामलिंग घाट आहे, किनवटचं सागवान आहे. पण नवशिक्यानं सुरुवात जंगलापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुरीचा धुरा, माळवदाच्या घराची पडकी भिंत, विहिरीवरचा गळका पाइप, या तीन जागांनी पहिलं वर्ष सहज भरतं. आणि त्या रोजच्या वाटेवर असल्यानं तुम्ही तिथं पुन्हा पुन्हा जाता. सर्वेक्षणात नव्वद टक्के काम हे पुन्हा जाण्याचंच असतं.

सामान अगदी साधं. वही, पेन्सिल (शाईची अक्षरं घामानं पसरतात), घड्याळ, मोबाइल, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पाण्याची बाटली, बूट. जाळी, डब्या, स्पिरिट यांच्या नादी पहिल्या वर्षी लागूच नका.

आधी ओळख: माशी, गांधील की नुसतं सोंग

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोळं येतं. प्रत्यक्षात जगात मधमाशीवर्गातल्या २०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, मध साठवणं नाही. एक मादी, एक बीळ, त्यात परागाचे गोळे आणि अंडी. आपण ज्यांना शोधणार आहोत त्या मुख्यतः याच.

पिवळे-काळे पट्टे दिसले म्हणजे मधमाशी, असं मानू नका. फुलांवरच्या कितीतरी साध्या माशा तसं सोंग घेतात. मधमाशी आणि गांधीलमाशीला चार पंख असतात, साध्या माशीला दोन. पण मागचे-पुढचे पंख आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असल्यानं रानात ते मोजता येत नाहीत. त्याऐवजी मिशा बघा. साध्या माशीच्या मिशा अगदी आखूड, बहुधा दिसतच नाहीत, आणि डोळ्यांनीच सगळं डोकं व्यापलेलं. मधमाशी-गांधिलीच्या मिशा लांब आणि लगेच नजरेत भरणाऱ्या. हवेत एका जागी स्थिर राहून मग झटकन बाजूला सरकणारी पट्टेरी माशी दिसली, तर ती बहुतेक सोंगाडीच असते.

मधमाशी आणि गांधील यांत फरक केसांचा. मधमाशीचे केस भिंगाखाली फांद्या फुटल्यासारखे दिसतात, त्यांत पराग अडकतो. मागच्या पायांवर किंवा पोटाखाली परागाचा थर दिसला की प्रश्नच मिटला. गांधील तुकतुकीत, कंबर बारीक, पाय सडपातळ, आणि कागदी घरटं करणाऱ्या गांधिली तर उडताना ते पाय खाली लोंबत ठेवतात.

याला अपवाद आहेत आणि ते गमतीचे आहेत. काही रानमाशा स्वतः पराग गोळाच करत नाहीत, दुसरीच्या घरट्यात अंडं घालून मोकळ्या होतात. आयत्या बिळावर नागोबा. त्यांच्या अंगावर केस कमी, म्हणून त्या गांधिलीसारख्या भासतात. काळ्या अंगावर निळसर-पांढरे ठिपके असलेली थायरियस ही त्यातलीच. ती निळ्या पट्ट्यांच्या अमेगिला माशीच्या बिळांभोवती घुटमळताना दिसते. थायरियस दिसली तर अमेगिलाची बिळं जवळपास आहेत, असं समजून शोधायला लागा.

नर-मादीचं गणितही एकदा शिकून ठेवा. डंख फक्त मादीला असतो. मिशीचे भाग मादीत १२, नरात १३. फोटो नीट आला असेल तर ते मोजता येतात.

बारा-तेरा गट पुरेत

पहिल्याच दिवशी जातीचं नाव सांगायला जाऊ नका. आधी कळस मग पाया, असं होतं. गट पाडा आणि वर्षभर तेच गट वापरा.

पोळ्याच्या माशांचे तीन गट: आग्या, फुलोरी, सातेरी. आग्या मोठी, तिचं एकच भलंमोठं उघडं पोळं वडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीला किंवा वेरूळ-अजिंठ्यासारख्या कड्याला. फुलोरी सगळ्यांत लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस, तळहाताएवढं पोळं झुडपात. सातेरी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक पोळी करते. सपाट कोरड्या रानात तुम्हाला फुलोरी आणि आग्याच जास्त भेटतील. चौथा गट पेटीतल्या युरोपीय माशीचा, मेलिफेराचा. सूर्यफूल किंवा बियाण्याचा कांदा फुलला की मधपाळ पेट्या आणून ठेवतात. जवळपास पेट्या आहेत का, याची विचारपूस करा आणि उत्तर नोंदवा. नाहीतर पेटीतल्या माशा रानातल्या म्हणून मोजल्या जातात.

मग एकट्या माशा. मोठा काळा भुंगा, म्हणजे झायलोकोपा: वाळल्या लाकडात, बांबूत, घायपाताच्या वाळलेल्या दांड्यात गोल भोक पाडून राहणारा. निळ्या पट्ट्यांची अमेगिला. पानकापी मेगॅचिली, जी पराग पायावर नाही तर पोटाखालच्या केसांत नेते, त्यामुळे फुलावर बसल्यावर तिचं पोट वर उचललेलं आणि खालून पिवळंधमक दिसतं. हिरव्या धातूसारखी चमकणारी चिमुकली सेराटिना. जमिनीत बिळं करणाऱ्या छोट्या काळपट माशा, ज्यांना घामाची चव आवडते आणि ज्या दंडावर येऊन बसतात. त्या सगळ्यांचा मिळून एक गट चालेल.

गांधिलींत चार: कागदी घरटं करणाऱ्या, मातीचं घर बांधणाऱ्या कुंभारीण, जमिनीत बीळ खोदून शिकार पुरणाऱ्या, आणि बाकी सगळ्या. 'बाकी' हा गट लाजून गाळू नका. सर्वेक्षणात सगळ्यात प्रामाणिक रकाना तोच असतो.

जागा ठरवा आणि तिला चिकटून राहा

शंभर मीटरची एक पट्टी निवडा. धुऱ्याला लागून असेल तर उत्तम, कारण तिथं पिकाचं फूलही असतं आणि तणाचंही. दोन्ही टोकांना खूण करा, मोबाइलवर जीपीएस नोंदवून घ्या. शक्य झालं तर दोन पट्ट्या घ्या: एक धुरा तणकट, तरवड-घाणेरी-रुईनं भरलेला, दुसरा फवारून किंवा पेटवून साफ केलेला. पुढं तुलना करायची तर याचसारखी सोपी जोडी नाही.

शेतमालकाला आधी सांगा. बांधावर वाकून फुलांत डोकं घालणारा माणूस दिसला की "काय हुडकायलाव, सर?" हा प्रश्न येणारच. "मामा, गांधीलमाशा बघायलोय" असं सरळ सांगितलं की अर्धा तास माहिती मिळते: मोहळ कुठं होतं, कुंभारणीनं आखाड्यावरच्या (शेतातल्या खोपटावरच्या) मोटारीच्या पेटीत कसं घर केलं, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे फवारणी कधी झाली. कोणतं औषध, किती दिवसांपूर्वी, हे वहीत हवंच. तुरीवर अळीसाठी फवारा मारल्यानंतरच्या दिवसांतले आकडे वेगळे धरावे लागतात, आणि त्या दिवशी तिथं फिरणं तुमच्याही तब्येतीला बरं नाही.

आपलं घड्याळ, आपलं पंचांग

हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, ऊन अंगाला लागलं की माशा उडू लागतात. सकाळी नऊ ते बारा ही उत्तम वेळ. फेब्रुवारीच्या शेवटापासून फेरी अलीकडे ओढत न्या. एप्रिल-मेमध्ये साडेसहा ते नऊ, फार तर संध्याकाळी पाचनंतर. मोठा भुंगा तर पहाटे झुंजूमुंजू होतानाही कामाला लागलेला दिसतो. पावसाळ्यात वेळ पाळू नका, उघडीप पाळा. रिमझिम थांबून तासभर ऊन पडलं की बाहेर पडा.

फुलांचं पंचांग जिल्ह्याजिल्ह्याला थोडं हलतं, पण ढोबळ असं. मृगाच्या पावसानं जमीन मऊ झाली की बिळातल्या माशा वर येतात. श्रावण-भाद्रपदात तीळ, मूग, उडीद, माळावर तरोटा आणि दगडी पाला. दगडी पाला, त्याला काही जण एकदांडी म्हणतात, हे छोट्या माशांचं हमखास दुकान. दुसरं काही फुललं नसेल तेव्हाही तिथं कोणीतरी असतं. दिवाळीच्या आगेमागे तूर फुलते आणि मराठवाड्यातला खरा हंगाम सुरू होतो. जानेवारीत करडई, मग बियाण्याचा कांदा, आंब्याचा मोहोर, शेवगा. चैत्रात कडुलिंब आणि करंज. त्यानंतर फुलं संपतात तेव्हा पाण्याकडे वळा.

एकच महिना मिळणार असेल तर तुरीचा धरा. तुरीचं फूल घट्ट मिटलेलं असतं. वजनदार माशी खालच्या पाकळीवर बसली की ती दाबली जाते आणि आतले केसर बाहेर येऊन तिच्या पोटाला घासतात. मेगॅचिली, भुंगा आणि आग्या हे काम कसं करतात ते दोन हातांवरून बघता येतं.

फेरी

पंधरा मिनिटं. शंभर मीटर. डाव्या-उजव्या बाजूला एकेक मीटर. घड्याळ लावा आणि हळू चाला. पुढं गेल्यावर मागे वळून मोजायचं नाही. उडून पुढे गेलेली माशी पुन्हा मोजली जाण्याचा धोका राहतोच. दुबार वाटली तर सोडून द्या. फोटो काढायला थांबलात तर घड्याळही थांबवा.

सुरुवातीलाच लिहायचं: तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा (पानं हलतात की फांद्या), तापमान, आणि पट्टीत काय काय फुललंय. मग प्रत्येक दर्शनाला गट, फूल आणि ती काय करत होती ते. नमुन्यादाखल एक ओळ अशी दिसेल: 'पानकापी, १, तूर, पोटाखाली पराग; भुंगा, २, रुई, मध पीत; गांधील कागदी, १, कापसाच्या पानावर, अळी चावत.'

फुलाचं नाव सोडून नुसती माशांची संख्या लिहिलेली वही मी अर्धीच समजतो. माशी कोणती हे पुढं कोणीतरी फोटोवरून सांगेल, पण ती कुठल्या फुलावर होती हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नसणार.

आणि काहीच दिसलं नाही तर मोठ्या अक्षरात शून्य लिहा. नवशिके तो दिवस वहीतून गाळतात. शून्य नसलेल्या वहीवरून रान माशांनी नेहमीच भरलेलं होतं असा निष्कर्ष निघतो.

तरवडापाशी मात्र थोडं रेंगाळा, फेरी संपल्यावर. त्याच्या पिवळ्या फुलात मध नसतो, परागच असतो, आणि तोही केसराच्या टोकाच्या छोट्या छिद्रांतून बाहेर येतो. नुसतं खरवडून तो मिळत नाही. अमेगिला येते, केसराला पाय आवळून धरते, पंख न हलवता अंग थरथरवते. उडतानाचा आवाज आणि हा आवाज यांत फरक आहे: हा बारीक, चढा, तुटक. त्या थरथरीनं पराग भुकटीसारखा बाहेर उडतो आणि तिच्या पोटावर बसतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलावरही हेच चालतं. पोळ्याच्या मधमाशांना ही कला येत नाही. दोन-तीन सकाळी कान दिलात की डोळे मिटूनही 'आली' हे कळू लागेल.

भिंत वाचायला शिका

फुलावरची माशी एका क्षणाची पाहुणी असते. घरटं मात्र महिनाभर जागेवर राहतं. म्हणून गांधिलींसाठी तरी घरट्यांची पाहणी फुलांपेक्षा जास्त हाती देते.

मराठवाड्यात त्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे पांढऱ्या मातीची जुनी भिंत: माळवदाचं घर, पडलेला वाडा, गढीचा बुरूज. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं दगडमातीची घरं मोठ्या प्रमाणावर गेली आणि सिमेंटची आली. तशी भिंत कुठं उरली असेल तर सोडू नका. पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची, पावसाच्या माऱ्यापासून वाचलेली बाजू निवडा. एक मीटर लांब, एक मीटर उंच चौकोन खडूनं आखा. त्यातली भोकं मोजा: उघडी किती, बुजवलेली किती, आणि बुजवलेली असतील तर कशानं. मातीनं, पानाच्या चकतीनं, की चिकासारख्या कशानं. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच चौकोनासमोर उभं राहा.

कुंभारीण दोन तऱ्हांची दिसते. एक अगदी छोटं मडकं करते, बाहेर वळलेल्या काठासह, कधी भिंतीवर, कधी वाळक्या काडीवर. त्यात ती आधी अंडं घालते, ते छताला एका धाग्यानं लोंबकळतं, आणि मग लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते. दुसरी लांबट नळ्या शेजारी शेजारी लिंपते आणि शेवटी सगळ्यांवर चिखलाचा एकच थर देते. घराच्या तुळईवर, विजेच्या मीटरवर, देवळीत जे ओबडधोबड मातीचे ढेकूळ दिसतं ते हिचं. हिची शिकार अळी नाही, कोळी. तुटून पडलेलं जुनं घरटं मिळालं तर उघडून बघा. लुळे पडलेले कोळी खच्चून भरलेले दिसले की ओळख पक्की. बाहेर पडण्याचं गोल भोक असेल तर पिल्लू केव्हाच उडून गेलंय, आणि अशा रिकाम्या खोल्यांत मागाहून पानकापी भाडेकरू म्हणून येते. चालू घरटं फोडू नका.

ती माती कुठून आणते हे बघायचं तर मेमध्ये गळक्या नळापाशी, हौदाच्या कडेला सावलीत बसा. ती चिखलावर डोकं खाली, शेपूट वर अशी उभी राहते आणि अंगातून गुणगुण काढत जबड्यांनी चिखलाची गोळी वळते. गोळी साधारण वाटाण्याहून लहान. ती घेऊन ती कुठल्या दिशेला उडते, परत यायला किती मिनिटं लागतात, हे लिहिलंत की घरटं किती जवळ आहे याचा अंदाज येतो. भिंतीवर लिंपताना तीच गुणगुण पुन्हा ऐकू येते. कंपनानं चिखल सैल होतो आणि सपाट बसतो.

जमिनीतली घरटी शोधायला नजर बसायला वेळ लागतो. काळ्या भेगाळ रानात शोधत बसू नका. पायवाटेची कडा, धुऱ्याचा उघडा उतार, मुरमाड बरड, हे बघा. पेन्सिलीच्या जाडीचं भोक आणि भोवती ताजी भुसभुशीत माती, बस. मुंग्यांचं असेल तर ये-जा चालू दिसते, वाळूकिड्याचं असेल तर नरसाळ्यासारखा खड्डा असतो. शंका आली तर दहा मिनिटं दूर बसा. गोदाकाठच्या वाळूत पुढच्या पायांनी वाळूचा फवारा मागे उडवणारी बेंबिक्स ही गांधील दिसली तर नशीबच. ती साध्या माशा मारून आणते आणि पिल्लाला रोज ताजं खाऊ घालते.

उसाच्या पट्ट्यात एक वेगळी पाहणी करता येते. उकिरड्यावर किंवा उसाच्या कडेनं जमिनीलगत घिरट्या घालणारी जाड, केसाळ, काळी गांधील दिसली तर ती बहुधा स्कोलिया कुळातली. ती जमिनीत शिरून हुमणीच्या जातकुळीतल्या अळीला डंख मारते आणि तिच्यावर अंडं घालते. हे शेतकऱ्याला दाखवलंत तर पुढच्या वेळी तो स्वतःहून फोन करतो.

संध्याकाळची एक युक्ती: सूर्य मावळताना धुऱ्यावरच्या वाळल्या गवताच्या काड्या बघा. अमेगिलाचे नर जबड्यानं काडी पकडून, पाय मोकळे सोडून, एकाच काडीवर रांगेनं झोपतात. एरवी सेकंदभर न थांबणारी माशी इथं हवा तितका वेळ फोटो देते.

नळ्यांचा जुडगा

बांबूचे किंवा बोरूचे १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे घ्या, एका बाजूला पेर म्हणजे बंद टोक राहील असे. भोकं ३ ते १० मिलिमीटरपर्यंत वेगवेगळी हवीत. वीस-पंचवीस नळ्या एकत्र बांधून आखाड्याच्या वळचणीला छातीच्या उंचीवर, तोंड पूर्वेला करून टांगा. हलता कामा नये. दुपारचं ऊन लागलं तर आतलं सगळं भाजून मरतं, म्हणून सावली हवीच. तारेवर ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या फस्त करतील.

पंधरवड्यातून एकदा किती नळ्या बुजल्या आणि कशानं, एवढंच लिहा. पानाच्या चकत्या म्हणजे पानकापी. माती असेल तर गांधील असू शकते, पण काही मेगॅचिलीही मातीच वापरतात, तेव्हा घाई नको. बाहेर पडणाऱ्याला ओळखायचं असेल तर बुजलेली नळी जाळीदार कापड बांधून बाटलीत ठेवा, फोटो झाला की सोडून द्या.

वाडगे, तंबू, जाळी

पिवळे, पांढरे, निळे वाडगे पाण्यानं भरून त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकतात. साबणानं पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो, रंगाला भुललेली माशी बुडते. पद्धत जगभर चालते, तिच्यानं छोट्या माशा खूप मिळतात आणि मोठे भुंगे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे नुसत्या वाडग्यांवरून रानाचा अंदाज बांधू नये. आपल्याकडे शिवाय दोन अडचणी: मेमध्ये दुपारपर्यंत पाणी आटतं, आणि शेळ्या ते पितात. संशोधनाच्या मार्गदर्शकाच्या हाताखाली करायची वेळ आली तर तिन्ही रंगांचे तीन-तीन, पाच-पाच मीटरवर, मुरमात थोडे रोवून, सकाळी लावून संध्याकाळी उचला. रात्रभर सोडू नका.

तंबूसारखा सापळा रेने मालेज या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात ब्रह्मदेशातल्या मोहिमेत तयार केला. उडणारा कीटक कापडाला आपटून वर चढतो आणि टोकाच्या बाटलीत पडतो. उत्तरेकडच्या जंगलांच्या मोठ्या पाहण्या यावरच उभ्या आहेत. स्वीडननं २००३ पासून देशभर असे तंबू लावले. पण एका तंबूत जे पडतं ते निवडायला महिने लागतात आणि तज्ज्ञांची फौज लागते. तुमच्याकडे ती नसेल तर हजारो जीव स्पिरिटमध्ये बुडवून कपाटात ठेवण्यात काय हशील?

फोटो असा काढा की नाव लागेल

तीन बाजू: वरून, कडेनं, समोरून तोंडाचा. पंखांच्या शिरा दिसल्या तर दुधात साखर. चौथा फोटो फुलाचा, पानासकट. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना नावाच्या जागी खात्री असेल तेवढंच लिहा. 'मेगॅचिली' इथं थांबणं पूर्ण उत्तर आहे. भारतीय जाती ओळखायला कीटकशास्त्रज्ञ बिंगहॅमनं १८९७ साली लिहिलेला ग्रंथ अजून उघडावा लागतो, यावरून या कामाची स्थिती कळते. बऱ्याच जाती फोटोवरून कळतच नाहीत.

कागदी घरट्याच्या गांधिलींची मात्र ओळख जातीपुढे, थेट एकेका माशीपर्यंत नेता येते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी रोपालिडिया मार्जिनाटा या साध्या तपकिरी गांधिलीचा दशकानुदशकं अभ्यास केला, तो अंगावर रंगाचे बारीक ठिपके देऊन. ही गांधील आपल्याही वळचणीला असते. ठिपके द्यायला जाऊ नका, पण दोन हातांवरून रोज दहा मिनिटं कोण घरट्यावर बसून आहे आणि कोण बाहेर जातंय हे बघायला काहीच लागत नाही.

जिवाला जपून

एकट्या माशा सहसा चावत नाहीत. धोका पोळ्याचा आणि वसाहतीचा. आग्यामोहळाच्या खाली उभं राहायचं नाही, धूर नाही, अत्तर नाही, दगड तर नाहीच. उठलं तर हात न झटकता तोंड झाकून पळा, आणि खोलीत किंवा गाडीत शिरून दार लावा. विहिरीत उडी मारू नका, माशा पाण्यावर घिरट्या घालत थांबतात. मोठी काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली गांधील जमिनीतल्या भोकात वारंवार शिरताना दिसली तर मागच्या पावली परत फिरा.

मधमाशीचा काटा राहिला तर नखानं लगेच खरवडून काढा, धुवा, गार पट्टी ठेवा. तोंड सुजणं, श्वास लागणं, चक्कर, अंगभर गांधी यांपैकी काही झालं तर वाट न बघता १०८. धुऱ्याच्या दगडाखाली आणि भिंतीच्या भोकात हात घालू नका. मुरमाड रानात फुरसं असतं.

अभयारण्यात शिरताना, मग ते गौताळा असो, येडशी असो की पैनगंगा, वन विभागाची लेखी परवानगी लागते. एकही कीटक उचलायचा असेल तर तीत तसं नमूद हवं. गायरानावर, स्वतःच्या रानात, नुसतं बघायला आणि मोजायला कोणी अडवत नाही.

वही भरली, पुढं काय

दर फेरीला गटवार बेरीज करा आणि पंधरा मिनिटांमागं किती, असं मांडा. फेरी कमी-जास्त वेळाची झाली असेल तर त्या प्रमाणात. मग तणकट धुरा आणि साफ धुरा शेजारी शेजारी ठेवा, महिन्यावार. एकूण संख्या बघण्याआधी गट किती, ते बघा. फुलोरी एकटीच संख्या फुगवते आणि फरक झाकून टाकते. फवारणीचे आठवडे वेगळ्या रंगानं रंगवा. एका वर्षाच्या आकड्यांवरून 'माशा घटल्या' असं कोणालाही सांगू नका. पाऊस एका वर्षात सगळं उलटंपालटं करतो.

मूळ वही फेकू नका, संगणकावर उतरवल्यानंतरही. मेलेली माशी वाटेत मिळाली तर काडेपेटीत कापसावर ठेवून गाव, तालुका, तारीख, फूल लिहिलेली चिठ्ठी आत टाका. चिठ्ठी नसेल तर तो नुसता किडा. ओळख पटवायला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग जवळ पडतो, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. जाण्याआधी फोटो पाठवा, भेटीची वेळ ठरवा, आणि डबीभर नमुने एकदम नेऊ नका. चार-पाच न्या, नीट वाळलेले, चिठ्ठीसकट.